पै कुठे गेली?

‘पैपैचा हिशोब’ आपण अजून म्हणतो, पण पै हातात घेऊन पाहिलेले तुमच्यात किती जण असतील? आधी कोष्टक घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. 3 पै म्हणजे 1 पैसा, 4 पैसे म्हणजे 1 आणा, 16 आणे म्हणजे 1 रुपया. म्हणजे रुपयाला 192 पै.

आता वजन बघा. 1835 च्या कायद्याने तांब्याचा पैसा 100 ग्रेनचा ठरला आणि पै बरोबर त्याच्या एक तृतीयांश, साधारण 2.16 ग्रॅम. रुपयाच्या सगळ्या पै तराजूत टाकल्या तर जवळपास 415 ग्रॅम तांबं! 1906 च्या कायद्यानंतर शुद्ध तांब्याऐवजी ब्राँझ आलं, पै 1.62 ग्रॅमवर उतरली आणि तोच ढीग 311 ग्रॅमचा झाला. बाजारात तिची किंमत मात्र तसूभरही बदलली नाही, कारण ती कायद्याने ठरवलेली होती, धातूने नाही.

पण हे एकाच बाजूने खरं आहे. धातू पुरेसा महागला की नाणं खर्च करण्यापेक्षा वितळवणं परवडतं. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण भासली, तेव्हा 1943 मध्ये भोकाचा पैसा आला. आधीचा 4.86 ग्रॅमचा, हा जेमतेम 2 ग्रॅमचा. याच हिशोबाने पै केली असती तर ती पाऊण ग्रॅमही भरली नसती. चिमटीत तरी धरता आली असती का? 1942 नंतर ती पाडलीच नाही.

खतावणीत मात्र रु.-आ.-पै चालूच होतं, 1 एप्रिल 1957 पर्यंत. त्या दिवशी रुपयाचे 100 नये पैसे झाले, आणि मला सगळ्यात रंजक वाटतो तो भाग इथे आहे. आणा म्हणजे 6.25 नये पैसे, जुना पैसा 1.5625. रक्कम जवळच्या पूर्ण नया पैशाला न्यायची असा नियम होता, म्हणून आण्याचे 6 आणि जुन्या पैशाचे 2. आता समजा, दुकानदाराने भाव जुनाच ठेवलाय आणि तुम्ही नवी नाणी देताय. आण्याचा जिन्नस एकदम घेतलात तर 6 नये पैसे. तोच रोज एकेका पैशाचा, असा चारदा घेतलात तर 8. हातावर पोट असलेला माणूस एकदम कुठून घेणार?

या विषयावर काही करायचं मनात असेल, तर घरच्या डब्यातली नाणी तोलून लगेच निष्कर्ष काढू नका. एक तर ती झिजलेली असतात. दुसरं म्हणजे जी वितळवली गेली ती डब्यात नाहीतच, आणि वितळवणारा जड नाणी आधी निवडणार. म्हणजे तुमचा नमुना आधीच कुणीतरी चाळून ठेवलाय. कायद्यातलं वजन आणि तराजूवरचं वजन वेगवेगळ्या रकान्यांत लिहा.