डोळ्यावर फोकस: चाळीस वर्षांची वाटचाल

वन्यजीव छायाचित्रात प्राण्याचा डोळा स्पष्ट आला नाही, तर बाकीची मेहनत वाया जाते. हे पूर्वीही खरं होतं, आजही आहे. बदलली ती तो डोळा टिपायची रीत.

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि ऑटोफोकस खऱ्या अर्थाने रुळला. तोवर डाव्या हाताने रिंग फिरवत प्राण्याचा वेग गाठावा लागे. कमी प्रकाश घेणारी लांब लेन्स लावली की व्ह्यूफाइंडरमधल्या दुभागलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडायचा. मग भोवतालच्या धुरकट काचेवरच विसंबायचं. म्हणून जाणकार पाठलागाच्या फंदात पडत नसत. वेडा राघू हवेत किडा पकडून बहुधा त्याच काटकीवर परततो. त्या काटकीवर आधीच फोकस करून ते थांबत. ही युक्ती मला आजही सर्वांत भरवशाची वाटते.

पुढे फोकस बिंदू वाढत गेले. निकॉन एफ५ मध्ये (१९९६) ५ होते, डी३०० मध्ये (२००७) ५१, डी५०० मध्ये (२०१६) १५३. पण माझ्या मते त्याहून मोठी क्रांती कॅमेऱ्याच्या मागच्या बटणाने केली. शटरपासून फोकस सुटा झाला. अंगठा दाबून धरला की कॅमेरा धावत्या चितळाचा माग घेत राहतो. चितळ थबकलं की अंगठा उचलायचा. मग समोर गवताची काडी हलली तरी फोकस ढळत नाही.

मिररलेसमध्ये मुख्य सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे लेन्सगणिक फोकस पुढे-मागे सरकण्याची कटकट जवळपास मिटली. २०१९ मध्ये सोनीने प्राण्यांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस आणला; २०२० च्या कॅनन आर५ ला पक्षीही ओळखता येऊ लागले.

तरीही ६०० मिमी लेन्स, एफ/४ आणि १० मीटरवर वाघ असेल, तर स्पष्टतेची खोली जेमतेम ६-७ सेंटिमीटर मिळते. फोकस नाकावर बसला की डोळा गेलाच. ताडोब्यात बांबूआडचा वाघ सोडून कॅमेरा बांबू पकडतो, तेव्हा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा लागतो. आणि उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या थरथरीपुढे कुठल्याच ऑटोफोकसचं काही चालत नाही.

म्हणून नवा कॅमेरा घेण्याआधी हातातल्या कॅमेऱ्याचं मागचं बटण फोकसला लावा, लेन्सवर अंतरमर्यादेची कळ असेल तर ती वापरा आणि महिनाभर रोज दारच्या कावळ्या-साळुंक्यांवर हात बसवा.