फितीवरील खेळ

करमाडहून जवळच असलेल्या औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरचे, पंडित हरिकृष्ण शर्मा यांनीं 1871 मध्यें ‘क्रीडाकौशल्य’ हा संस्कृत ग्रंथ रचला. बुद्धिबळादि बैठ्या खेळांचे नियम त्यांत नमूद आहेत. असा ग्रंथ हातीं असला म्हणजे विसरलेला खेळ पुन्हां उभा करणें फारसें कठीण नसतें. करमाडच्या एखाद्या ओट्यावर कोळशानें पट आंखावा, कवड्या व चिंचोके घ्यावे, कीं झालें. खेळाचा जीव नियमांत असतो. पट आणि सोंगट्या कोठेंही मिळतात.

परंतु ज्याचा जीव नियमांत मावत नाहीं, असाहि एक खेळ आहे. 1982 मध्यें इंग्लंडांत सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक निघाला. पुढें त्याच दशकांत डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें परवाना घेऊन तो भारतांत विकला. शाळांतून 1984 पासून सरकारी योजनेखालीं ‘बी.बी.सी. मायक्रो’ हीं यंत्रें आलीं. स्पेक्ट्रम घरच्या दूरदर्शन संचास जोडीत. वीज गेली कीं त्याच्या स्मरणांतलें सारें पुसलें जाई. म्हणून प्रोग्राम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर सांठवीत. विकतचे खेळहि कॅसेटवरच येत, आणि हौशी मुलें स्वतः रचलेले खेळहि तिच्यावरच ठेवीत.

तो खेळ फितीवर कसा राहतो? संगणकाचें सारें लेखन शून्य आणि एक या दोन खुणांचें. स्पेक्ट्रम शून्यासाठीं आंखूड ध्वनितरंग उमटवितो, एकासाठीं त्याच्या दुप्पट लांब. सेकंदास सुमारें दीड हजार खुणा जातात, आणि यंत्राचें 48 किलोबाइटांचें स्मरण भरावयास साडेचार मिनिटें लागतात. या लाखों खुणांपैकीं एक जरी चुकीची वाचली गेली, तरी यंत्र हटून बसतें. मात्र प्रत्येक भागाच्या अखेरीस पडताळ्याचा एक अंक ठेवलेला असतो. त्यावरून वाचन बरोबर झालें कीं नाहीं, हें बहुधा तत्काळ कळतें. पोथ्यांच्या नकलाकारांस अशी सोय मिळती, तर किती पाठभेदांचे वाद वांचते!

जतन करणाराची रीत साधी, पण चिकाटीची आहे. चांगल्या टेप रेकॉर्डरचें वाचनमुख स्वच्छ करून, त्याचा कोन फितीशीं जुळवून, आवाज आजच्या संगणकांत जसाच्या तसा घ्यावयाचा. खरखर काढण्याचा मोह येथें घातक ठरतो, कारण कानास गोड वाटणारी सफाई खुणांच्या कडाच बोथट करते. मग प्रत्येक तरंगाची लांबी मोजून मूळ अंक मिळवितात. एका कॅसेटवर जेथें डाग असेल, तेथें दुसऱ्या प्रतीचा तुकडा घेतात. शेवटीं जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम ते अंक चालवितो, आणि खेळ पडद्यावर हलूं लागतो.

नभोवाणीचाहि या कथेंत वांटा आहे. हॉलंडांत आणि 1983 पासून बेलग्रेडांत प्रोग्रामांचा तो कर्कश आवाज चक्क प्रक्षेपित करीत, व श्रोते तो घरीं कॅसेटवर उतरवून घेत.

इंग्लंडांतील नांवाजलेल्या खेळांची मला चिंता वाटत नाहीं. त्यांच्या हजारों प्रती विकल्या गेल्या होत्या. चिंता आहे ती आपल्याकडील एखाद्या विद्यार्थ्यानें रचलेल्या, एकाच कॅसेटवर असलेल्या खेळाची. पत्र्याच्या छपराखालीं वैशाखाच्या उन्हांत फितीवरील चुंबकीय लेप सुटत जातो. कॅसेटच्या आंत फीत दाबून धरणारी लहानशी गादी गळून पडते. आणि पुष्कळदां तर उन्हाचीहि वाट पाहावी लागत नाहीं, कारण नांव नसलेली कॅसेट कोरी समजून घरांतलेंच कोणी तिच्यावर भजनें भरतें.

तेव्हां माळ्यावरील बिननांवाच्या कॅसेटा एकदां लावून पाहाव्या. सुमारें पांच सेकंद एकसारखी शीळ आणि मागून तीव्र खरखर ऐकूं आली, तर कॅसेट तेथेंच थांबवावी, तिच्या मागच्या कडेचे दोन्ही बारीक खुंट मोडून टाकावे म्हणजे तिच्यावर सहसा कांहीं भरतां येत नाहीं, आणि ती कोणाची, कोणत्या यंत्राची, हें घरांतील वडीलधाऱ्यांस विचारून वर लिहून ठेवावें.