मुक्तिभूमी येवला : शहर, शेती आणि माणसे

येवल्याचे नाव आपल्या शाळेतील पाचवीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. १३ ऑक्टोबरला वंदनेनंतर त्या गावाचा उल्लेख होतो, वक्ते १९३५ सालच्या घोषणेविषयी बोलतात आणि मुले वर्गात परततात. परंतु ते गाव आहे कसे, तेथे काय पिकते, तेथील माणसे कशावर जगतात, असा प्रश्न विचारला तर बहुतेक वर्ग गप्प राहतो. खरे सांगायचे तर आम्हा शिक्षकांची स्थितीही फारशी वेगळी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा निर्णय ज्या शहरात जाहीर केला, ते शहर शेतीवर जगणारे आहे. त्या शेतीत ज्यांचे हात राबतात त्यांतील अनेकांची मुले आज आपल्यासारख्या वसतिगृहांतून शिकत आहेत. म्हणून या लेखात त्या शहराची आणि तेथील माणसांची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

येवला हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्याचे ठिकाण. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ५० हजार. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता आणि मनमाडहून कोपरगावमार्गे अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. या ठिकाणाला विंचूर चौफुली म्हणतात. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि येवला रेल्वेच्या नकाशावर आले. १८५७ च्या उठावातील सेनानी तात्या टोपे यांचे हे जन्मगाव. जुन्या पेठा, दाट वस्ती, मागांचा आवाज आणि शहराच्या कडेला बाजार समितीचे विस्तीर्ण आवार असे त्याचे साधारण रूप आहे.

येवल्याची शेती समजून घ्यायची तर प्रथम पाणी समजून घ्यावे लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर इगतपुरीकडे पाऊस कोसळतो, पण तेथून जसजसे पूर्वेकडे यावे तसतसा तो आटत जातो. येवला तालुका या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. तालुक्याच्या पश्चिम व दक्षिण भागाला पालखेडच्या डाव्या कालव्याचा आधार आहे. हे धरण दिंडोरी तालुक्यात कादवा नदीवर बांधलेले असून त्याचा कालवा निफाड ओलांडून येवल्याच्या बाजूला येतो. वाटेतल्या गावांची तहान भागवत जे उरेल ते शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोचायचे, अशी ही व्यवस्था. म्हणून आवर्तन कधी सुटणार आणि किती दिवस चालणार, हा येथील चहाच्या टपरीवरचा कायमचा विषय. शहराचे पिण्याचे पाणीदेखील याच आवर्तनावर अवलंबून राहिले आहे.

उत्तर-पूर्वेकडील राजापूर, ममदापूर हा उंचवट्याचा भाग मात्र कालव्याच्या आवाक्याबाहेर राहिला. तेथे काळविटे मोकळी हिंडतात आणि ममदापूरला त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्रही आहे. परंतु उन्हाळ्यात माणसांना मात्र टँकरची वाट पाहावी लागते. पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी मांजरपाडा येथे अडवून, बोगद्यातून पूर्वेकडे वळवून, पुणेगाव-दरसवाडी-डोंगरगाव कालव्याने येवल्यापर्यंत आणण्याची योजना कित्येक वर्षे रखडत रखडत आकाराला आली. एकाच तालुक्यात बागायतीचे आणि दुष्काळाचे असे दोन स्वतंत्र प्रदेश नांदतात. कोणाच्या घरातील माणसे मजुरी देतात आणि कोणाच्या घरातील माणसे मजुरीला जातात, हे पुष्कळदा या सीमारेषेवरून ठरते.

पूर्वी हा बाजरीचा मुलूख. आज मका, सोयाबीन, गहू, हरभरा ही पिके आहेतच. मक्याचा बाजारही येथे मोठा भरतो. पण येवल्याचे मन गुंतलेले असते ते कांद्यात. कांद्याचे तीन हंगाम असतात. खरिपाचा आणि रांगड्याचा तो लाल कांदा. तो साधारण दिवाळीच्या आसपास बाजारात दिसू लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येत राहतो. त्याच्यात पाण्याचा अंश अधिक असल्यामुळे तो टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. तिसरा रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा. डिसेंबर-जानेवारीत लावलेला हा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत नीट ठेवला तर पावसाळा ओलांडून पुढे काही महिने राहतो.

'टिकतो' हा शब्दही जपूनच वापरायला हवा. चाळ म्हणजे हवा खेळती राहावी म्हणून जमिनीपासून उंच उचललेली, बाजूंना फटी ठेवलेली लांबट कोठी. तिच्यात ठेवलेला कांदा दर महिन्याला वजनाने घटतो, काही सडतो, पावसाळी हवेने काहीला कोंब फुटतात. त्यामुळे सप्टेंबरमध्ये भाव चढलेला दिसला तरी शेतकऱ्याच्या पदरात तेवढे पडत नाही. एप्रिलमध्ये चाळीत भरलेल्या दहा क्विंटलांपैकी सहा-सात क्विंटल हाती लागले तरी तो समाधान मानतो. नेमक्या याच काळात, शहरी ग्राहकाची ओरड सुरू झाली की सरकारचा हात निर्यातीच्या दारावर जातो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती ऐन लाल कांद्याच्या आवकेत, आणि उठली ती मे २०२४ मध्ये. ज्याचा माल ठेवण्याजोगा नव्हता त्याने तो मिळेल त्या भावाने देऊन टाकला. ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा हे योग्यच. पण त्या स्वस्ताईचा भार दर वेळी एकाच खांद्यावर का, हा येवल्याच्या शेतकऱ्याचा प्रश्न मला रास्त वाटतो.

बाजार समितीच्या आवारातील व्यवहार एकदा प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या रांगेत उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका आणि समितीचा कर्मचारी एकेका वाहनापाशी येतात, फाळका पाडून थोडा माल खाली ओढतात, एखादा कांदा हातात घेऊन दाबून पाहतात आणि उघड बोली सुरू होते. एका वाहनाचा लिलाव आटोपायला एखाददोन मिनिटेही पुरतात. तेवढ्या वेळात शेतकऱ्याच्या चार-पाच महिन्यांच्या श्रमांचे मोल ठरून जाते. मग भुईकाट्यावर वजन होते, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा केला जातो आणि हिशोबपट्टी हातात पडते. खळ्यावर स्त्रिया बसून गोल्टी निराळी, मोठा माल निराळा अशी प्रतवारी करतात. हमाल गोण्या भरून ट्रकवर चढवतात.

या व्यवहाराला कायद्याची चौकट आहे. महाराष्ट्रात कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा आणि हमाल-माथाडींच्या संरक्षणाचा कायदा १९६९ चा. पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाच्या मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची व रजेची काळजी कायद्याने घ्यावी, ही कल्पना त्या काळी नवीच होती. तरीही हमाली, तोलाई आणि वाराई कोणाच्या पट्टीतून कापायची आणि तीवरची लेव्ही कोणी भरायची, हा वाद नाशिक जिल्ह्यात वारंवार उफाळतो. तो पेटला की लिलाव बंद पडतात. लिलाव बंद म्हणजे हमालाचा रोज बंद आणि खळ्यावरच्या बाईचाही. वृत्तपत्रांतून शेतकरी आणि व्यापारी हे दोनच पक्ष ठळकपणे दिसतात, तिसरा क्वचितच.

आता या तिसऱ्या पक्षाकडे वळू. कांदा पेरून होत नाही. म्हणजे उळे टाकून आधी रोप तयार करावे लागते, दीड-दोन महिन्यांनी ते उपटून, वाफ्यात ओणवे राहून एकेक रोप बोटाने रोवावे लागते. हे काम बव्हंशी स्त्रियाच करतात. दहा-बारा जणींची टोळी एकरावर उक्ते काम घेते. मुकादमीण बहुधा त्यांच्यातलीच असते. जितकी लागवड लवकर उरकेल तितकी दुसऱ्या शेतावर जायला मोकळीक, म्हणून पहाटे निघून दिवेलागणीला परतण्याचा परिपाठ. काढणीच्या वेळीही तसेच: कांदे उपटायचे, पात कापायची, पाट्या भरून ढीग घालायचे.

आमच्यासारख्या निवासी शाळांच्या दृष्टीने या वेळापत्रकात एक मोठा पेच दडलेला आहे. उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत आणि काढणी मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे पहिली वेळ दुसऱ्या सत्राच्या ऐन अभ्यासाची आणि दुसरी थेट वार्षिक परीक्षेची. आई टोळीत गेली की धाकट्या भावंडांना सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. सातवी-आठवीपासून तीही वाफ्यात उतरते, कारण उक्त्या कामात प्रत्येक हात मोजला जातो. गैरहजेरीच्या नोंदवहीत या मुलीपुढे नुसती फुली पडते. तिची हकीकत तेथे लिहिलेली नसते. जानेवारीत सुटीवर गेलेली मुलगी मार्चपर्यंत परतली नाही, असा प्रसंग ज्याने वसतिगृह चालवले त्या प्रत्येकाने अनुभवला आहे. अशा वेळी पालकांना दोष देणे सोपे असते. पण त्या दोन महिन्यांच्या उक्त्यावर घराचे वर्ष उभे असते, हे जाणूनच आपण त्यांच्याशी बोलले पाहिजे. गृहप्रमुखाने पत्र पाठवण्यापेक्षा स्वतः जाऊन आईशी बोललेले अधिक उपयोगी पडते, असा माझा तरी अनुभव आहे.

जमीन एकाकडे आणि श्रम दुसऱ्याकडे, ही विभागणी आली कोठून? येथे १९३५ सालाकडे जावे लागते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि काही वर्षे चालूनही दरवाजे उघडले नाहीत. त्या पार्श्वभूमीवर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास परिषद भरली. सुमारे दहा हजार माणसे जमली होती. त्यांतील बहुतेक जण खेड्यापाड्यांतून आलेले होते. मंदिरप्रवेशाच्या लढ्यावर यापुढे शक्ती खर्च करू नये असे बाबासाहेबांनी सांगितले, आणि जन्म आपल्या हाती नसला तरी हिंदू म्हणून मरणार नाही, हा आपला निश्चय प्रकट केला. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तो सिद्धीस गेला. मध्ये २१ वर्षे गेली.

ही घोषणा ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ उपासनेचा नव्हता. महार समाज वतनाने गावाशी बांधलेला होता. सरकारी सांगावा पोचवणे, गावाची राखण करणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे करायची आणि मोबदल्यात थोडी वतनी जमीन, सुगीत बलुते व दारोदारची भाकर मिळवायची. ही जमीन म्हणजे आधार नसून बेडी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले होते. वतनदारी पुढे १९५८ च्या कायद्याने संपली. जमिनी नव्या शर्तीवर परत मिळण्याची सोय झाली. पण एकेका तुकड्यावर अख्ख्या भावकीचा हक्क असल्याने वाट्याला आले ते गुंठ्यांत मोजण्याएवढे. भूमिहीनांना पडीक जमिनी मिळाव्यात म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी सत्याग्रह उभारले. दादासाहेब याच नाशिक जिल्ह्याचे. १९६४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहात मोठ्या संख्येने लोक तुरुंगात गेले.

गावकीची कामे सोडली म्हणजे भाकरही सुटली. तेव्हा रोख मजुरी देणारे ठिकाण हवे होते, आणि ते शहरात होते: बाजारपेठेत, गोदामात, रेल्वेत. येवल्यापासून पंचवीस-एक किलोमीटरवर मनमाडचे जंक्शन आहे. तेथेच फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी सांगितले. येवला आणि मनमाड ही दोन भाषणे शेजारी ठेवून वाचावीत, असे मला नेहमी वाटते. आपण पहिले पाठ करतो आणि दुसरे विसरतो.

येवल्याच्या पैठणीविषयी लिहिले नाही तर तेथील माणसे रुसतील. पेशवाईच्या काळापासून येथे विणकर वसले. रेशीम प्रामुख्याने कर्नाटकातून येते. पदरावरचा मोर, मुनिया, आसवली हे नक्षीकाम यंत्राने न होता लहान लहान तिल्ल्यांनी धागा धागा गुंफून होते. म्हणून एका साडीला काही आठवडे, भरजरी पदर असेल तर काही महिनेही लागतात. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. हा व्यवसाय पूर्वी ठरावीक विणकर जातींचा होता; आता आसपासच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतील तरुणही मागावर बसतात, कारण पाऊस हुलकावणी देतो तसा माग देत नाही. आणि गंमत अशी की, कांद्याला भाव नसला की येवल्यातल्या कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानांतही शुकशुकाट दिसतो.

संक्रांतीला मात्र भाव कसाही असो, सारे शहर गच्चीवर असते. येवल्याचा पतंगोत्सव प्रसिद्ध आहे. येथे मांजा हातात धरत नाहीत, आसारी नावाच्या लांब दांड्याच्या रिळावर खेळवतात. खाली हलकडी वाजत असते. ते दिवस उन्हाळ कांद्याच्या लागवडीचे. संध्याकाळी टोळ्या परततात तेव्हा आकाशात पतंग अजून उडत असतात.

येत्या १३ ऑक्टोबरला शाळेची सहल येवल्यास नेण्याचा विचार आहे. मुक्तिभूमीच्या स्मारकापाशी त्या दिवशी दूरदूरच्या गावांहून माणसे येतात. कोणी जीपमधून, कोणी एसटीने, भाकरीची गाठोडी सोबत घेऊन. गर्दीमुळे वंदनेसाठी रांगेत बराच वेळ थांबावे लागते. म्हणून माझी सूचना अशी की, मुक्काम एक दिवस वाढवावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना बाजार समितीत न्यावे. त्या सुमारास चाळीतला शेवटचा उन्हाळ कांदा विक्रीस येत असतो. लिलाव पाहून झाला की खळ्यावर प्रतवारी करणाऱ्या स्त्रियांशी मुलींनी बोलावे. त्यांतील एखादीची लेक कोणत्या तरी वसतिगृहात असण्याची शक्यता बरीच आहे.