त्रिकोण मिटत का नाही?

ठोकळे जोडून आज्ञावली रचायच्या स्क्रॅच या संगणकभाषेत नऊ-दहा वर्षांच्या मुलाला समभुज त्रिकोण काढायला सांगितला, की ‘100 पावले पुढे जा’ आणि ‘60 अंश वळा’ हे ठोकळे तीनदा फिरवावेत असे त्याला वाटणे साहजिक आहे. त्रिकोणाचा कोन 60 अंशांचा, हे त्याला पाठ असते. पडद्यावर उमटतो तो अर्धा षटकोन. कारण कोपऱ्यावर वळायचे असते ते बाह्यकोनातून, 120 अंशांतून. पूर्ण फेरी मारून पुन्हा मूळ दिशेला तोंड करायचे तर एकूण 360 अंश वळावे लागते. म्हणून चौरसाला 90, सुसम पंचकोनाला 72. सप्तकोनाला 51 घातले तर फेरीअखेर 3 अंश कमी पडतात. तिथे ‘360 भागिले 7’ असेच ठोकळ्यात ठेवावे लागते, आणि न सोडवलेला भागाकारही संख्येसारखा वापरता येतो, हे मुलाला दिसते. वहीत रेघ जरा वाकडी ओढून आकृती जुळवता येते. इथे ती सोय नाही. पण दुसरी पळवाट आहे: आकडे बदलत बदलत 120 वर पोचायचे. चित्र बरोबर, गणित शून्य.

ठोकळे गणित शिकवतात, या दाव्याची सगळी मदार ही पळवाट बंद होण्यावर आहे. हा दावा स्क्रॅचहून जुना आहे: पेपर्ट, फॉयरझाइग आणि सॉलोमन यांची मुलांसाठीची लोगो ही संगणकभाषा 1967 ची. ती शिकलेली मुले इतर कामांच्या नियोजनातही सरस ठरतात का, हे न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील पी आणि कर्लंड यांनी तपासले, तेव्हा तसे काही आढळले नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबमधून 2007 साली आलेल्या स्क्रॅचने आज्ञा टंकताना होणाऱ्या चुका संपवल्या. मूळ प्रश्न तसाच राहिला. इंग्लंडमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने ‘स्क्रॅचमॅथ्स’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. शंभराहून अधिक शाळांत त्याची चाचणी झाली आणि शेफील्ड हॅलम विद्यापीठाने केलेले मूल्यमापन 2018 मध्ये आले. पहिल्या वर्षाअखेर मुलांचा संगणकीय विचार सुधारला होता, गरीब घरांतल्या मुलांचा तर अधिकच. प्राथमिकच्या अखेरीस होणाऱ्या राष्ट्रीय चाचणीतल्या गणिताच्या गुणांत मात्र फरक पडला नाही.

दुसऱ्या वर्षी परीक्षेच्या ताणाने अनेक शाळांत हे पाठ मागे पडले, असे समर्थन होते. ते खरे आहे. पण परीक्षेचा ताण नसलेली शाळा आणायची कुठून? निकाल खऱ्या शाळांचा आहे, तो तसाच घ्यावा. याच अभ्यासक्रमात ती पळवाट रोखण्याची एक जागा मात्र हेरलेली होती: आधी अंदाज, मग कृती, मग स्पष्टीकरण, आणि पडद्यावरचे गणित वहीतल्या गणिताशी जोडणे. ही शेवटची जोडणी शिक्षकच करू शकतो, तीही स्वतःला बाह्यकोन नीट कळला असेल तर. खडूने अंगणात आकृती आखून, तिच्यावरून चालूनही हे शिकवता येईल, असा आक्षेप घेता येतो. येईलच, त्रिकोणासाठी संगणक लागत नाही. बाजूंच्या संख्येच्या जागी चल ठेवून एकाच आज्ञावलीतून त्रिकोणापासून छत्तीसकोनापर्यंत जायचे, तेव्हा अंगण अपुरे पडते. संगणकाचे तास तिथे खर्च करावेत, आणि ‘चालवा’ म्हणण्याआधी प्रत्येकाकडून वळणाचा आकडा कारणासह वहीत लिहून घ्यावा.