शिखर सहा किलोमीटरवर असताना

"डॉक्टर, छातीत जरा भरल्यासारखं होतं, पण ॲसिडिटीच असणार." सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे वाक्य मी पंचवीसहून अधिक वर्षे ऐकत आलो आहे. असे म्हणणाऱ्याला मी पुढे एकच प्रश्न विचारतो, "चालताना होतं आणि थांबल्यावर जातं का?" उत्तर 'हो' आले की त्याला घरी न सोडता आधी ईसीजी काढायला पाठवतो.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये हेच वाक्य मी स्वतःला ऐकवले, तेही दक्षिण फ्रान्समधल्या एका डोंगरावर, सायकलच्या सीटवर बसून. माझी भाची आणि तिचे यजमान फ्रान्समध्ये तूर या शहरात राहतात. दोघेही सायकलवेडे. मीही पन्नाशीत सायकल धरलेली. दर रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर होत असल्याने आपण तंदुरुस्त आहोत, अशी माझी समजूत होती. म्हणून त्या सुट्टीत प्रोव्हाँस भागातला 'मों व्हाँतू' हा डोंगर चढायचे ठरले.

एकच सायकल, वेगवेगळे मुलूख

सायकलवाल्यांना फ्रान्सचे वेड का, हे नकाशा पाहिला की कळते. एकाच देशात सपाट नदीखोरी आहेत, लाटांसारखी उठणारी शेतजमीन आहे, दगडी फरसबंदीच्या जुन्या वाटा आहेत आणि आल्प्स व पिरेनीजसारखे पर्वतही आहेत. गावांना जोडणारे छोटे रस्ते गुळगुळीत आणि कमी वर्दळीचे असतात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवलेच पाहिजे, असा तिथे कायदा आहे. पण प्रत्येक मुलूख शरीराकडे वेगळी मागणी करतो. सहलीच्या माहितीपत्रकात ही गोष्ट नसते.

लुआर नदीचे खोरे घ्या. नदीकाठाने समुद्रापर्यंत जाणारा 'लुआर आ व्हेलो' हा सायकलमार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे. वाटेत द्राक्षमळे, शांबोर आणि आंबुआझसारखे राजवाडे, पांढऱ्या मऊ दगडात कोरलेली घरे. चढ फारसा नाही. इथे तुमचा सामना वाऱ्याशी असतो. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ आठपट. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरने जाणाऱ्याला ही वाट बागेतल्या फेरफटक्यासारखी वाटेल आणि तीसने जाणाऱ्याचा दम काढील. किती कष्ट घ्यायचे, हे इथे तुमच्या हातात असते. दमलात तर पाय थांबवा. सायकल थोडा वेळ आपोआप पुढे जाते.

पश्चिमेच्या ब्रिटनीत मोठा डोंगर नाही, पण सपाटीही नाही. एक टेकडी उतरली की दुसरी समोर. हृदयाचे ठोके वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. याच मुलखातून 'पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस' ही १२०० किलोमीटरची प्रसिद्ध फेरी जाते. ती १८९१ मध्ये शर्यत म्हणून सुरू झाली. आता ती दर चार वर्षांनी होते आणि बहुतेक जण ती नव्वद तासांच्या मुदतीत पुरी करतात. आपल्याकडचे, महाराष्ट्रातलेही, सायकलस्वार त्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या पात्रता फेऱ्या करून तिथे जातात. रात्री-अपरात्री गावकरी घरासमोर टेबल मांडून कॉफी देतात. छोट्या टेकड्यांची बेरीज करता करता एकूण चढाई एव्हरेस्टच्या उंचीपेक्षा जास्त भरते. इथे पायांच्या आधी झोप दगा देते. झोपेविना तिसऱ्या रात्री रस्त्यावर नसलेली माणसे दिसू लागली, तर ते मेंदूने थांबायला सांगणे असते.

उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेकडे, शेतांमधून जुन्या दगडी फरसबंदीचे रस्ते आहेत. १८९६ पासून होणारी पॅरिस-रुबे शर्यत त्यांवरूनच जाते. तिथे हाताला बसणाऱ्या हादऱ्यांनी तळव्यातली नस दाबली जाऊन करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. आपल्या खड्ड्यांतून रोज सायकल नेणाऱ्यांनाही हा त्रास होतो. हँडलवरची पकड बदलत राहणे आणि टायरमधली हवा थोडी कमी ठेवणे, हे त्यावरचे साधे उपाय.

चढ सूट देत नाही

मों व्हाँतूची उंची १९१० मीटर. बेदवँ या गावातून वर जाणारी वाट सुमारे २१ किलोमीटरची आहे आणि तेवढ्यात १६०० मीटर चढावे लागते. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात आपण जेवढे चढतो, त्याच्या जवळजवळ तिप्पट. इमारतीच्या मजल्यांत मोजले तर पाचशेहून जास्त मजले.

थोडा हिशेब करू. माणूस ८० किलोचा आणि सायकल १० किलोची धरली, तर हे ९० किलो वजन १६०० मीटर वर न्यायला स्नायूंना सुमारे १४०० ते १५०० कॅलरी जाळाव्या लागतात. यातला जेमतेम पाव भाग चढाईच्या कामी येतो. उरलेल्या तीन भागांची उष्णता होते. ती बाहेर टाकायला जवळजवळ दोन लिटर घाम वाळावा लागतो. सपाटीवर अंगावर येणारा वारा घाम वाळवतो. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे वारा जवळजवळ नाहीच. त्यात माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक पंचमांश कमी, म्हणजे श्वासातला प्राणवायूही तेवढा कमी.

याच डोंगरावर १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स शर्यतीत टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू गेला. वय २९. दोन वर्षांपूर्वीच तो जगज्जेता झाला होता. कडक ऊन, शर्यतीत पाणी घेण्यावर त्या काळी असलेली बंधने, पोट बिघडलेले आणि शरीरात ॲम्फेटामिन व मद्य. ॲम्फेटामिन थकव्याची जाणीव दाबते. थकवा मात्र आत तसाच असतो. तो एकदा पडला, पुन्हा सायकलवर बसला आणि शिखराच्या थोडे अलीकडे कोसळला. तिथे त्याचे स्मारक आहे. येणारे-जाणारे त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या ठेवतात.

हे सगळे मला ठाऊक होते. तरी आम्ही सकाळी सहाऐवजी नऊला निघालो. ती पहिली चूक.

जंगलातले नऊ किलोमीटर

सुरुवातीचे पाच-सहा किलोमीटर द्राक्षमळ्यांतून सोपे गेले. मग रस्ता डावीकडे वळून जंगलात शिरतो आणि चढ एकदम नऊ-दहा टक्के होतो. म्हणजे शंभर मीटरला नऊ-दहा मीटर वर. हा चढ नऊ किलोमीटर सलग चालतो, मध्ये सपाटी नाही. रस्त्याकडेला दर किलोमीटरला एक दगड असतो. त्यावर पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ लिहिलेला. सपाटीवर कष्ट आपण ठरवतो, इथे ते चढ ठरवतो. पाय थांबवले की सायकल थांबते.

जंगलात दोन किलोमीटर आत गेल्यावर छातीच्या मधोमध कुणी तळहात ठेवून दाबल्यासारखे वाटले. मी पाणी प्यायच्या निमित्ताने थांबलो. तीन मिनिटांत ते गेले. मनाने लगेच निदान केले: सकाळची कडक कॉफी, ॲसिडिटी. पुन्हा चढू लागलो. पुन्हा दाब. पुन्हा थांबलो, पुन्हा गेला. श्रमाने येणे आणि विश्रांतीने जाणे, ही अंजायनाची व्याख्या मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवली आहे. तरीही मी त्या जंगलात चार वेळा थांबलो आणि चार वेळा निघालो. बरोबरच्या भाचेजावयांना काही सांगितले नाही. मामा थकले असे त्यांना वाटायला नको, एवढेच कारण.

जंगल संपते तिथे शाले रेनार नावाचे छोटे उपाहारगृह आहे. तिथून वर झाड नाही, नुसता पांढरा चुनखडीचा उतार आणि त्यावर शिखरावरचा मनोरा स्पष्ट दिसतो. फक्त सहा किलोमीटर. भाचेजावई माझ्याकडे बघून म्हणाले, "मामा, चेहरा पांढरा पडलाय तुमचा. काय होतंय?" तेव्हा कुठे मी खरे सांगितले.

त्यांनी वाद घातला नाही. मला सावलीत बसवले आणि ११२ वर फोन केला. खालच्या शहरातल्या रुग्णालयात ईसीजी आणि रक्ताची तपासणी झाली. झटका आलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफीत हृदयाची एक मुख्य धमनी बरीच अरुंद झालेली दिसली. स्टेंट बसवला. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारले, "पहिल्यांदा दुखलं तेव्हाच का थांबला नाहीत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या रुग्णांकडेही नसते. आता हा प्रश्न मी त्यांना चढ्या आवाजात विचारत नाही.

मग सायकल सोडायची का?

मुळीच नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि सायकल त्यासाठी उत्तम. गुडघ्यांवर शरीराचा भार येत नाही, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते. फक्त सायकलने हाडांना पुरेसा भार मिळत नाही, म्हणून जोडीला चालणे आणि थोडे वजनाचे व्यायाम हवेत.

मी चार महिने देखरेखीखाली व्यायाम केला. स्ट्रेस टेस्ट झाली, हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी मिळाली आणि पुढच्या वर्षी पुन्हा फ्रान्सला गेलो. या वेळी लुआरचा काठ. सोमुरपर्यंत रेल्वेने गेलो आणि तिथून तूरकडे दोन दिवसांत सायकलने आलो. तिथे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. पूर्वेकडे निघाले की तो पाठीशी राहतो. वेग एवढाच ठेवला की बायकोशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. कष्ट मध्यम आहेत की जास्त, हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी चाचणी. बोलताना वाक्य तुटू लागले की गिअर हलका करायचा.

निघण्यापूर्वी

• चाळिशी ओलांडली असेल आणि मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कुणाला लवकर हृदयविकार असेल, तर मोठ्या चढाच्या बेताआधी डॉक्टरांना भेटा.

• सपाटीवरच्या किलोमीटरांवरून चढाचा अंदाज बांधू नका. एकूण किती मीटर चढायचे, ते आधी पाहा. त्याच मों व्हाँतूवर सो नावाच्या गावाकडून येणारी वाट लांब आहे, पण बरीच सौम्य.

• चढ सकाळी लवकर चढा. उतारासाठी जाकीट जवळ ठेवा. घामेजलेले अंग वाऱ्याने झपाट्याने गारठते.

• फ्रान्सच्या खेड्यांत दुपारी बारा ते दोन बहुतेक दुकाने बंद असतात. शरीरातला साखरेचा साठा जोरकस कष्टाला दोनेक तासच पुरतो. खिशात खाऊ हवाच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रेबद्दल आधी विचारून घ्या.

• पाणी संपले तर गावातल्या दफनभूमीत बहुधा नळ असतो. 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, ते मात्र बघा.

• परदेशात प्रवास विमा काढल्याशिवाय सायकलवर बसू नका. मला तो कामी आला.

• छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब जाणवला तर थांबा, बरोबरच्याला सांगा, मदत बोलवा. बरे वाटले म्हणून पुन्हा निघू नका.

मों व्हाँतूचे ते सहा किलोमीटर माझे अजून राहिले आहेत. भाची विचारते, "मामा, पुन्हा कधी?" मी म्हणतो, बघू. डोंगर कुठे जात नाही. गेल्या महिन्यात ओपीडीत एक शिक्षक आले. दोन आठवडे जिना चढताना छातीत दाटत होते, पण परीक्षांचे काम संपेपर्यंत ते थांबले होते. त्यांना मी त्या जंगलातली गोष्ट सांगितली आणि थेट ईसीजीला पाठवले.