कृत्रिम खुबा आणि त्याची धूळ

पुणतांब्याच्या श्रोत्यांना बैलगाडीच्या आखाची ओळख करून द्यावयास नको. चाक फिरते, आख घासतो आणि वंगण काळे पडते. त्या काळेपणात घासून निघालेल्या लोखंडाचाही अंश असतो. माणसाच्या खुब्यात बसविलेल्या कृत्रिम सांध्याचे असेच आहे. फरक इतकाच, की तेथली धूळ पुसून काढता येत नाही.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. ही जोडी निकामी झाली, म्हणजे धातूचा गोळा व प्लॅस्टिकची वाटी बसविण्याची रीत पडली. इंग्लंडातील रायटिंग्टन येथील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी आरंभी टेफ्लॉनच्या वाट्या सुमारे ३०० रोग्यांना बसविल्या. पण दोन-तीन वर्षांतच त्या झिजल्या. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरले. दोन्ही द्रव्ये त्यांनी स्वतःच्या मांडीतही घालून पाहिली. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिएथिलीनच्या जागी तसे काही झाले नाही.

तेव्हा प्रश्न मिटला, असे वाटणे साहजिक होते. परंतु ही नवी वाटीही वर्षाला सुमारे ०.१ मिलिमीटर झिजे. एवढ्या झिजेने वाटी फुटत नाही. पण पावलागणिक लाखो कण सुटू शकतात, असा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक १ मायक्रॉनहून लहान असतात. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. शरीरातील भक्षक पेशी हे कण जंतूंप्रमाणेच गिळतात. जंतू पचतो, प्लॅस्टिक पचत नाही. मग या पेशी जी रसायने सोडतात, त्यांनी हाड विरघळविणाऱ्या पेशी चेतविल्या जातात. सांध्याभोवतीचे हाड पोखरते आणि सांधा सैल होतो. म्हणजे हाड खाते ते प्लॅस्टिक नव्हे, आपलेच शरीर खाते. पुष्कळ दिवस याचा दोष सांधा चिकटविण्याच्या सिमेंटला दिला जाई. पण सिमेंटवाचून बसविलेल्या सांध्यांतही तेच आढळले, तेव्हा कणांकडे लक्ष वळले.

१९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस किरणांच्या साहाय्याने रेणूंच्या साखळ्या एकमेकींशी जोडलेले पॉलिएथिलीन प्रचारात आले. त्याची झीज पुष्कळच कमी आहे. जुन्या वाट्या मात्र आजही अनेकांच्या शरीरात आहेत.

यातून घ्यावयाचा बोध व्यवहाराचा आहे. हाड पोखरत असताना बहुधा दुखत नाही. दुखू लागते, तोवर पुष्कळ हाड गेलेले असते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून अवघड होते. क्ष-किरण चित्रात मात्र ही पोखरण आधी दिसू शकते. म्हणून शस्त्रक्रियेचे वर्ष व सांध्याचा प्रकार लिहिलेला कागद घरात जपून ठेवावा, आणि चालता येते, दुखत नाही, म्हणून डॉक्टरांनी नेमून दिलेली तपासणी चुकवू नये, एवढेच आम्ही आग्रहाने सांगतो.