ऑबेलस आणि ॲस्टरिस्क : ग्रीक पाठचिकित्सा आणि आद्य ख्रिस्ती भाष्यकार

१

प्राचीन ग्रंथाच्या संपादकापुढे केव्हा ना केव्हा एक अशी ओळ येते, की जी हस्तलिखितांत आहे, परंतु जिच्याविषयी त्याचे मन ग्वाही देत नाही. ती मूळ कवीची नसावी, मागाहून कोणीतरी घुसडली असावी, असा त्याला दाट संशय येतो. अशा ओळीचे करावे काय? ती गाळावी, तर संशय चुकीचा ठरल्यास कवीवर अन्याय होतो. ती तशीच ठेवावी, तर वाचकाची फसवणूक होते. भारतीय भाषांतील जुन्या वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. प्रक्षेपाचा प्रश्न महाभारतापासून संतांच्या गाथांपर्यंत सर्वत्र आपली वाट अडवून उभा असतो.

या पेचातून वाट काढण्याचा एक मार्ग इ.स.पू. तिसऱ्या शतकात ॲलेक्झांड्रिया येथे निघाला. होमरच्या काव्यासाठी घडवलेले ते साधन पुढे चारपाचशे वर्षांनी ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अभ्यासात आले, आणि तेथे त्याचा अर्थही पालटला व परिणामही. लौकिक काव्याची चिकित्सा पवित्र ग्रंथाला लागू झाली म्हणजे काय घडते, हे या इतिहासातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

२

टॉलेमी राजांनी ॲलेक्झांड्रियात विद्यापीठ आणि ग्रंथालय उभारले. निरनिराळ्या ठिकाणांहून ग्रंथ येऊ लागले, तेव्हा होमरच्या दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत हे सहजच लक्षात आले. कोठे ओळी अधिक, कोठे उण्या, कोठे शब्द भिन्न. ग्रंथालयाचा पहिला प्रमुख, एफेससचा झेनोडोटस, याने ‘इलियड’ व ‘ओडिसी’ यांचे संपादन हाती घेतले. संशयित ओळीच्या डाव्या बाजूस त्याने एक लहान आडवी रेघ ओढली. हाच तो ऑबेलस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सळई किंवा सूळ असा आहे.

खूण साधी, पण तिच्यामागील विचार साधा नाही. रेघ ओढणारा दोन गोष्टी एकाच वेळी सांगत असतो : ‘ही ओळ कवीची नाही असे मला वाटते’ आणि ‘तरीही ती मी येथेच ठेवीत आहे’. निर्णय संपादकाचा, पण पुरावा वाचकाच्या हाती. सर्वच ओळींच्या बाबतीत झेनोडोटसने हा संयम पाळला असे नाही. काही ओळी त्याने गाळल्याही. तथापि खूण करणे आणि खोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत, ही जाणीव येथून रुजली.

या परंपरेचा कळस म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातील सॅमोथ्रेसचा ॲरिस्टार्कस. त्याच्या हाती खुणांची एक शिस्तबद्ध भाषाच तयार झाली. ऑबेलस म्हणजे संशयित ओळ. ॲस्टरिस्क, म्हणजे तारका, ही अन्यत्र पुन्हा आलेल्या ओळीची खूण. तारका आणि ऑबेलस एकत्र असले, तर ओळ अन्यत्र योग्य, येथे मात्र अस्थानी. आडव्या कोनासारखी डिप्ले ही खूण भाषेचे वा आशयाचे काही विशेष दाखवी. आणि तिच्याभोवती ठिपके असले, तर झेनोडोटसशी मतभेद आहे असे समजावे. खुणेचे स्पष्टीकरण स्वतंत्र भाष्यग्रंथात दिलेले असे. समासातील खूण ही संहिता आणि भाष्य यांना जोडणारा पूल होती.

एक उदाहरण पाहू. ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गात ॲफ्रोडायटी ही देवता हेलनसाठी आसन आणून ठेवते. झेनोडोटसला हे अनुचित वाटले. देवतेने मर्त्य स्त्रीपुढे आसन मांडावे काय? म्हणून त्याने त्या ओळी संशयित ठरवल्या. याला प्राचीन टीपांत उत्तर मिळते ते असे, की देवतेने त्या प्रसंगी वृद्ध दासीचे रूप घेतले आहे, आणि त्या रूपाला हे काम शोभणारेच आहे. औचित्याची आपली कल्पना कवीवर लादू नये. कवीचा अर्थ कवीच्याच काव्यातून लावावा, हे या पंथाचे सूत्र. वाद रंगला, कारण ओळी पानावर शिल्लक होत्या.

त्या गाळल्या असत्या तर? याचेही उदाहरण आहे. नवव्या सर्गात वृद्ध फीनिक्स आपल्या तरुणपणाची हकीकत सांगतो. पित्याला ठार मारण्याचा विचार आपल्या मनात आला होता, अशी कबुली देणाऱ्या चार ओळी त्या प्रसंगी होत्या, असे प्लुटार्क सांगतो. ॲरिस्टार्कसने भीतीपोटी त्या काढून टाकल्या, असा त्याचा आरोप आहे. हा आरोप खरा असावा काय याविषयी आधुनिक अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु इतके निश्चित, की होमरच्या हस्तलिखितांत त्या ओळी आढळत नाहीत. प्लुटार्कने उद्धृत केल्या नसत्या तर त्या आपल्याला ठाऊकही झाल्या नसत्या. ऑबेलस लावलेल्या बहुतेक ओळी आज आपण वाचू शकतो. खोडलेल्या ओळीला मात्र दैवानेच वाचवावे लागते.

ॲरिस्टार्कसची भाष्ये नष्ट झाली. त्यांचा सारांश व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयातील दहाव्या शतकाच्या एका ‘इलियड’-हस्तलिखिताच्या समासात, खुणांसह, टिकून राहिला. व्हिलोआझों याने १७८८ साली तो प्रसिद्ध केला. आणि त्याच सामग्रीच्या आधारे १७९५ मध्ये वोल्फने होमरच्या कर्तृत्वाचा प्रश्न उपस्थित केला. आधुनिक पाठचिकित्सेतील एका मोठ्या वादाचे मूळ अशा रीतीने समासातील खुणांत आहे.

३

आता याच नगरीतील दुसऱ्या ग्रंथाकडे वळू. ॲलेक्झांड्रियातील ज्यूंसाठी हिब्रू धर्मग्रंथाचे ग्रीक भाषांतर इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून होऊ लागले. बहात्तर वृद्धांनी ते केले या आख्यायिकेवरून त्याला ‘सेप्टुअजिंट’, म्हणजे ‘सत्तरांचे भाषांतर’, असे नाव पडले. ख्रिस्ती समाजाने हेच आपले शास्त्र मानले. पण ज्यू पंडितांशी वाद करताना अडचण येई. ख्रिस्ती वक्त्याने एखादे वचन आधाराला घ्यावे, आणि प्रतिपक्षाने म्हणावे, ‘हे आमच्या हिब्रू ग्रंथात नाहीच.’

ही अडचण ज्याने शास्त्रीय पद्धतीने हाताळली तो ओरिजेन इ.स. १८५ च्या सुमारास जन्मला. पिता लिओनिडीस ख्रिस्ती धर्मासाठी मारला गेला, तेव्हा ओरिजेन सतरा वर्षांचाही नव्हता. कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्याने व्याकरणाचे वर्ग चालवले. त्या काळी व्याकरण शिकवणे म्हणजे होमर शिकवणे : पाठ निश्चित करणे, शब्दार्थ सांगणे, ओळीचा निवाडा करणे. पुढे धर्मशिक्षणाला सर्वस्वी वाहून घ्यावयाचे ठरवल्यावर त्याने आपला ग्रीक ग्रंथांचा संग्रह विकला आणि मोबदल्यात रोज चार ओबोल एवढ्या रकमेवर समाधान मानले, असे इतिहासकार युसेबियस नमूद करतो. ग्रंथ गेले, विद्या मात्र गेली नाही. तीच त्याने धर्मग्रंथाच्या सेवेला लावली.

तिचे फळ म्हणजे ‘हेक्झाप्ला’, अर्थात षट्स्तंभी संहिता. एकेका शब्दागणिक सहा स्तंभ शेजारी शेजारी : हिब्रू मूळ, त्याचे ग्रीक लिपीतील लिप्यंतर, अक्विलाचे भाषांतर, सिमॅकसचे भाषांतर, सेप्टुअजिंट आणि थिओडोशनचे भाषांतर. मग सेप्टुअजिंटच्या पाठात त्याने ॲरिस्टार्कसच्या दोन खुणा योजल्या. जे सेप्टुअजिंटमध्ये आहे पण हिब्रूत नाही, त्याला ऑबेलस. जे हिब्रूत आहे पण सेप्टुअजिंटमध्ये नाही, ते अन्य भाषांतरांतून, बहुधा थिओडोशनमधून, घेऊन तेथे भरले, आणि त्याला तारका. खुणेचा अंमल कोठे संपतो हे दाखवण्यास आणखी एक चिन्ह. या खुणा खुद्द षट्स्तंभी प्रतीत होत्या की वेगळ्या काढलेल्या संहितेत, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पद्धतीचे स्वरूप मात्र स्पष्ट आहे.

येथे अर्थ कसा पालटला हे ध्यानात घेतले पाहिजे. ॲरिस्टार्कसचा ऑबेलस हा रुचीचा आणि तर्काचा निवाडा होता. ओरिजेनच्या ऑबेलसमध्ये रुचीला स्थान नाही. तो केवळ दोन संहितांतील अंतराची नोंद करतो. मत्तयाच्या शुभवर्तमानावरील भाष्यात त्याने आपली भूमिका सांगितली आहे. हिब्रूत न आढळणारे अंश संपूर्ण काढून टाकण्याचे धाडस आपल्याला झाले नाही. म्हणून खूण केली, ज्याला जे पटेल ते त्याने घ्यावे, असा तिचा आशय आहे. आफ्रिकेनस नामक विद्वानाने सुसॅनाची कथा हिब्रूतील नसल्याची शंका काढली, तेव्हाही ओरिजेनने उत्तर दिले, की चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाचले जाणारे ग्रंथ टाकून द्यावयाचे काय? संशय मोकळेपणाने दाखवावा, पण समाजाच्या हातून त्याचा ग्रंथ काढून घेऊ नये. चिकित्सा आणि श्रद्धा यांचा असा मेळ त्याने घातला.

हाच ओरिजेन भाष्यकार म्हणून मात्र रूपकार्थाचा पुरस्कर्ता होता. शास्त्राला देह, जीव आणि आत्मा असे तीन अर्थ असतात, हे त्याचे मत. त्याची बीजेही ग्रीकच होती : देवांच्या युद्धाचा अर्थ निसर्गशक्तींचा संघर्ष असा लावण्याची रीत इ.स.पू. सहाव्या शतकातील थिआजेनिसपर्यंत मागे जाते, आणि ज्यू तत्त्वज्ञ फिलो याने ती मोझेसच्या ग्रंथांना लावली होती. अँटिओकच्या भाष्यकारांनी या रीतीला कठोर विरोध केला. पण एक गोष्ट विसरता कामा नये. जो माणूस शब्दाच्या पलीकडील अर्थाच्या शोधात सर्वांत दूर गेला, त्यानेच शब्दाची मोजणी सर्वांत काटेकोरपणे केली. एका हिब्रू गुरूकडून ऐकलेला दृष्टांत तो सांगतो : शास्त्र हे पुष्कळ कुलूपबंद खोल्यांचे घर आहे, प्रत्येक दाराशी किल्ली ठेवलेली आहे, पण ती त्या दाराची नव्हे. एका वचनाची किल्ली दुसऱ्या वचनाशी सापडते. होमरचा अर्थ होमरमधूनच लावणाऱ्या परंपरेशी या विचाराचे नाते उघड आहे.

४

आणि तरीही हे साधन उलटले. ‘हेक्झाप्ला’ची संपूर्ण नक्कल करणे दुष्कर होते. सेप्टुअजिंटचा स्तंभ, ओरिजेनने भरलेल्या अंशांसह, स्वतंत्रपणे उतरवला जाऊ लागला. लेखनिकांना समासातील रेघा-तारकांचे महत्त्व कळेना. नकलेगणिक त्या गळत गेल्या. ‘ईयोब’ या ग्रंथाचे जुने ग्रीक भाषांतर हिब्रूहून सुमारे एक षष्ठांशाने लहान आहे. ती उणीव ओरिजेनने तारकांकित ओळींनी भरली. तारका गळाल्या की कोणती ओळ कोणाची हे ओळखण्यास साधन उरत नाही. भेद दाखवण्यासाठी केलेल्या श्रमांतून भेद पुसणारी संहिता पसरली.

याचे पडसाद जेरोम आणि ऑगस्टीन यांच्या पत्रव्यवहारात उमटले. जेरोमने लॅटिन भाषांतर थेट हिब्रूवरून करावयास घेतले. ऑगस्टीनने त्याला विनविले, की आधीप्रमाणे सेप्टुअजिंटवरून, खुणांसह, भाषांतर द्यावे. कारणही त्याने कळवले. उत्तर आफ्रिकेतील ओइआ येथे जेरोमचा ‘योना’ वाचला गेला, तेव्हा योनावर सावली धरणाऱ्या वेलीचे नाव बदललेले ऐकून सभा खवळली. वर्षानुवर्षे कानी पडलेला ‘भोपळा’ जाऊन तेथे ‘आयव्ही’ आली होती. अनुयायी गमावण्याची पाळी आल्यामुळे तेथील बिशपला जुना शब्द परत घ्यावा लागला. जेरोमचे उत्तर तिखट होते. तुम्ही ज्याला सत्तरांचे शुद्ध भाषांतर समजता, त्यात ओरिजेनने थिओडोशनकडून घेतलेल्या ओळी मिसळल्या आहेत. सत्तरांवर निष्ठा असेल तर तारकांकित भाग खोडा, म्हणजे चर्चची सारी ग्रंथालये दोषी ठरतील, असा त्याचा युक्तिवाद. एका झुडपाच्या नावावरून उठलेले हे वादळ हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या समाजाला ग्रंथ मुखोद्गत असतो, त्याच्या दृष्टीने शब्द बदलणे म्हणजे स्मृती बदलणे होय.

५

या इतिहासाकडे आपण कशासाठी पाहावे? आपल्याकडेही दोन्ही वाटा चोखाळल्या गेल्या आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये असे बजावले. त्या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु कोणती ओवी कोणत्या कारणाने गाळली, याची नोंद त्यांच्या संहितेत नाही. त्यामुळे १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी प्रसिद्ध केली, तेव्हा जो वाद उभा राहिला त्याचा निर्णय करण्यास एकनाथांची स्वतःची साक्ष उपलब्ध नव्हती. उलटपक्षी, पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभिलेल्या आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वि. स. सुकथनकरांनी घालून दिलेली शिस्त पाहावी. संहितेतून वगळलेले श्लोक तेथे तारका व क्रमांक लावून पानाच्या तळाशी दिले आहेत, मोठे भाग परिशिष्टांत आहेत, आणि संहितेतील अनिश्चित शब्दांखाली नागमोडी रेघ आहे. ॲरिस्टार्कसची तारका पुनरुक्तीची, ओरिजेनची तारका भरणीची, पुण्याची तारका वगळल्याची. अर्थ तीन, निष्ठा एकच. निवाडा करावा, पण ज्याच्याविरुद्ध निवाडा केला त्याला पुसून टाकू नये.

ओरिजेनच्या लेखनिकांचा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. खूण ही तिची नक्कल करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर जगते. आज चिकित्सक आवृत्तींतील संहिता संगणकावर उतरवल्या जातात, तेव्हा तळटीपा, तारका आणि नागमोडी रेघा हेच प्रथम गळते. उरते ती निःसंदिग्ध भासणारी एकसंध संहिता, जी कोणत्याही पोथीत कधीच नव्हती. कैसरियातील ‘हेक्झाप्ला’ची मूळ प्रत नाहीशी झाली; तिच्या मांडणीची साक्ष देणारे तुटक अंश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिलान व कैरो येथे सापडले, आणि ते वरचे लेखन भेदून वाचावे लागले. आपल्या हातातील संहितांवर ती पाळी येऊ नये असे वाटत असेल, तर विद्यार्थ्यांना ओळ वाचावयास शिकवण्याबरोबरच समास वाचावयासही शिकवले पाहिजे.